माझं डोकं शाबूत आहे, लिहून घ्या

...नाही, तुम्हीच सांगा, फोन उचलला नाही म्हणून कुणी कुलूप तोडतं का? फोन! अहो, मी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला ते हेडफोन लावून 'नंबर सांगा, थांबा, बोला, झालं का बोलून?' म्हणत म्हणत म्हातारी झाले, आता घरात फोन वाजला की कपाळात तिडीक जाते माझ्या, म्हणून मी तो उशीखाली दडपते आणि निवांत चहा पीत बसते. ह्यात वेडेपणा काय आहे? बेलही वाजली होती म्हणे. वाजली असेल! बेल वाजवणारा एकतर काहीतरी विकायला येतो नाहीतर काहीतरी मागायला, मी कशाला उठू? तर आमचा थोरला, माझा मुलगा हो, किल्लीवाल्याला घेऊन आला, खाडखाड कुलूप तोडलं, आणि दार उघडून बघतो तर मी समोर खुर्चीत, हातात कप. म्हटलं, 'ये, चहा घेतोस?' तर हा एवढा मोठा बाप्या उंबऱ्यातच मटकन बसला आणि मला म्हणतो काय, 'आई, उद्या काही झालं तर?'

झालं! तेव्हापासून जो उठतो तो हेच. उद्या काही झालं तर? अरे, काही म्हणजे काय? बोला ना तोंडाने! मरण म्हणायचंय? मग मरण म्हणा, मी काय बेशुद्ध पडणार आहे ऐकून? पण तुम्हाला सांगते, ह्यांना मरणाची काळजीच नाहीये, कारण मी मेल्यावर माझ्या सहीची गरजच पडत नाही कुणाला. ह्यांना भीती आहे ती मधल्याची. म्हणजे मी आहे, पण नाही. श्वास चालू, डोकं बंद. पेन हातात, पण सही कशी करतात ते आठवत नाही. त्याला ह्यांच्या भाषेत 'काही' म्हणतात.

मग थोरल्याने चपला काढायच्या आत उपाय काढला. 'आई, आपण पॉवर ऑफ ॲटर्नी करून टाकू. मुखत्यारपत्र गं. नुसतं नावाला असतं.' नुसतं नावाला असतं तर घाई कशाला रे? आणि आवाज कसा, तर तुपात घोळवलेला. आता मी ऑपरेटर, मला आवाज विकता का तुम्ही? माणूस नंबर सांगायच्या आधी जो श्वास घेतो ना, त्यावरून मी ओळखायची की हा उधार मागणार आहे, हा बायकोशी खोटं बोलणार आहे आणि ही रडणार आहे. थोरल्याने श्वास घेतला तेव्हाच मी ओळखलं की ह्याच्या पिशवीत काहीतरी आहे. निघालं! चकचकीत पुस्तक. ज्येष्ठांसाठीच्या निवासाचं. पानापानावर म्हातारी माणसं, सगळी पांढरी शुभ्र, सगळी एका मोठ्या रंगीत चेंडूकडे बघून हसतायत. एवढं हसण्यासारखं काय असतं हो चेंडूत? 'बघ आई, चोवीस तास नर्स. तू तिथे मजेत, आणि हे घर... ते आपण बघू काय करायचं ते.' बघू! बघा, कसं हळूच सरकवलं!

थोरला गेला, तो उशीखालून गुरगुर सुरू. धाकटी, म्हणजे माझी मुलगी. भावाने भावजयीला सांगितलं असणार, भावजयीने हिला. 'आई, दादाला देऊ नकोस हं पॉवर, तो तुला त्या चेंडूवाल्यांकडे टाकेल. माझ्या नावाने कर. तू माझ्याकडेच ये ना राहायला, ती मागची खोली आहेच की!' मागची खोली! मी पाहिलीये ती. इस्त्रीचं टेबल आहे त्यात, आणि व्यायामाची सायकल आहे जिच्यावर आजवर कुणी व्यायाम केलेला नाही, ओले टॉवेल वाळत असतात. म्हणजे टॉवेलांनंतर माझा नंबर. म्हटलं, 'मला माझं घर आहे.' तर लगेच आवाज खाली आणून, 'हो गं, पण उद्या काही झालं तर?'

घर म्हणजे काय हो, दोन खोल्या आहेत तिसऱ्या मजल्यावर. नळ कुरकुरतो, लिफ्ट रुसते. पण सकाळी मी उठते तेव्हा कुणी मला उठवलेलं नसतं. खिडकी मी उघडते, दार मी लावते, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आता नव्या कुलुपाची, कारण जुनं ह्या दिवट्याने तोडलं. मला एवढंच हवंय. मरेपर्यंत हवंय, आणि डोकं गेलं तरी हवंय. हे म्हटलं की दोघंही एकमेकांकडे बघतात आणि अशी मान हलवतात, जशी काही सुरुवात झालीच.

तर एकदाची वरात निघाली वकीलबाईंकडे. थोरला पुढे, धाकटी मागे, मधे मी, दोन्ही बाजूंनी दंड धरलेले. लोकांना वाटलं असेल चोर पकडलाय. आणि ती कचेरी! अहो, ज्या कचेरीत म्हातारी माणसंच येतात तिथे खुर्च्या कशा असाव्यात? मी बसले ती बुडालेच! गुडघे वर, बूड जमिनीला. उठायला दोघांनी ओढलं तेव्हा उठले, आणि ते टेबलामागच्या मुलीने पाहिलं, चुकचुकली, आणि माझ्याशी नाही, धाकटीशी बोलली, 'बरं केलंत आणलंत ते. उद्या काही झालं तर...' अगं भवाने, मी इथे उभी आहे! मला विचार! खुर्ची तुमची खोल, आणि मोडकी मी?

आत वकीलबाई. कोवळी. अंगात तो काळा कोट नाही की काही नाही, साधं जाकीट. मी म्हटलं, हिला काय कळणार. पण बाईने पहिलं काम काय केलं, तर आमच्या दोघा रत्नांना दार दाखवलं. 'मला आजींशी एकट्यांशी बोलायचंय.' थोरला म्हणतो, 'अहो, पण आईला कमी ऐकू येतं, मी सांगतो ना तिला काय हवंय ते.' कमी ऐकू येतं! मला! ज्या कानांनी दोन गावांच्या खरखरीतून लोकांची सासरं-माहेरं जोडून दिली त्या कानांना! वकीलबाई म्हणाल्या, 'त्यांना काय हवंय ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं असतं मला. तुम्ही खोलीत असलात तर उद्या हा कागद कुणीही खोटा पाडेल.' गेले दोघं बाहेर. दाराची काच दुधी, तिला नाकं लावून उभे. दोन डाग दिसत होते, एक उंच, एक बुटका.

मला जरा बरं वाटलं होतं, तेवढ्यात बाई खुर्ची पुढे ओढून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, 'आ-जी... आज... कोणता... वार... आहे?'

आता माझं टाळकं सरकणार नाही तर काय होईल? म्हटलं, 'का, तुमच्याकडे कॅलेंडर नाही?' त्या हसल्या. 'सध्या कोणता महिना चालू आहे?' म्हटलं, 'वकिलाकडे यायचा महिना, म्हणजे वाईटच.' 'तुम्हाला मुलं किती?' म्हटलं, 'दारावर आहेत, मोजा.' 'तुमच्या नावावर काय काय आहे?' म्हटलं, 'ते बाहेरच्या डागांना विचारा, त्यांना पाठ आहे!' मला वाटलं, काय फर्मास उत्तरं देतेय मी! एकेक षटकार! तर वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज एकदम साधा झाला, कुणाशीही बोलावं तसा. म्हणाल्या, 'आजी, मला मजा येतेय. पण मी हे असंच लिहून ठेवलं, तर वाचणाऱ्याला काय दिसेल? वार सांगता आला नाही. महिना सांगता आला नाही. मुलं किती, सांगता आलं नाही. मग तुम्ही कुणाला नेमलंत त्याला काही अर्थ उरणार नाही. तुमच्या वतीने दुसरेच कोणीतरी ठरवतील.'

घ्या! म्हणजे माझ्या जिभेनेच माझं घर जात होतं. मी सावरून बसले, पदर नीट केला, आणि परीक्षेला बसल्यासारखी खणखणीत म्हणाले, 'बुधवार.'

तो मंगळवार होता.

तुम्हाला सांगते, मला असं झालं... पायाखालची फरशीच गेली. एवढा वेळ मी सगळ्यांना फाडून खात होते आणि साधा वार चुकले! काचेवरचे दोन डाग मला एकदम मोठे दिसायला लागले. खरंच सुरू झालं का? हेच का ते 'काही'? खोटं कशाला बोलू, मी घाबरले, लहान पोरीसारखी घाबरले. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, 'नोकरी नसली की वार चुकतातच. माझे वडील रोज चुकतात. वार महत्त्वाचा नाही. तुम्ही काय करताय, कशासाठी करताय, त्याने पुढे काय होईल, हे तुम्हाला कळतंय की नाही, ते महत्त्वाचं. ते सांगा.' मग मी सांगितलं. घर, किल्ली, खिडकी, चेंडू, टॉवेल, सगळं. एका दमात. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, 'माझ्याहून तुमचं डोकं शाबूत आहे.' म्हटलं, 'हेही लिहून घ्या!' लिहिलं त्यांनी.

मग समजावलं. कुणाला नेमलं म्हणजे आपण संपलो असं नाही, म्हणे. डोकं चालतंय तोवर आपलंच चालतं, आणि मनात आलं तर कागद रद्दही करता येतो. घर विकायचं नाही, मला तिथून हलवायचं नाही, अशा अटी घालता येतात. आणि नेमलेल्या माणसाने स्वतःला बरं वाटेल ते करायचं नसतं, मला जे हवं असतं ते करायचं असतं. म्हटलं, 'दोघांना मिळून नेमलं तर?' म्हणाल्या, 'मग दरवेळी दोघांची सही लागेल.' मला तर आनंदाचं भरतंच आलं! दोघांची सही! अहो, ह्या दोघांचं जन्मल्यापासून एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. बापाच्या फोटोला चौकट कोणत्या रंगाची, ह्यावरून तो फोटो अजून कपाटात आहे! म्हणजे कुणी मला हलवूच शकणार नाही! म्हटलं, 'करा, दोघांना करा!' तर बाई म्हणतात, 'आजी, मग तुमचं विजेचं बिलही भरलं जाणार नाही. हॉस्पिटलात तुम्ही स्ट्रेचरवर, आणि ही दोघं कॉरिडॉरमध्ये भांडतायत.' आलं डोळ्यासमोर. चित्रासारखं आलं!

'तुमच्या जागी उभं राहून तुमच्यासारखा विचार कोण करील?' बाईंनी विचारलं. म्हटलं, बघूया. बोलवा दोघांना आत. आले. म्हटलं, 'समजा माझं डोकं गेलंय. मला काही बोलता येत नाही. मला काय हवंय, सांगा बघू.' थोरला लगेच, 'आईला शांतता लागते. माणसांची कटकट तिला सहन होत नाही.' धाकटी त्याच्या अंगावर, 'शांतता? आईला सतत माणसं लागतात! एकटी पडली की खचते ती!' 'तू कधी येतेस तुला कळायला?' 'आणि तू? तू तर दार तोडून येतोस!' अहो, मी तिथेच बसलेय. समोर! दोघांनी मला एकदाही विचारलं नाही. शेवटी श्वास घ्यायला थांबले आणि दोघं एका सुरात वकीलबाईंना म्हणाले, 'पण उद्या काही झालं तर?' आयुष्यातलं पहिलं एकमत!

वाईट नाहीत हो पोरं. माझीच आहेत. पण त्यांना आई माहीत आहे, मी माहीत नाही. आणि तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, माझंच मला नवल वाटलं, मी म्हटलं, 'वन्संना करा.'

वन्सं म्हणजे माझी नणंद. ह्यांची सगळ्यात धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ही फ्रॉकात होती, नाक वाहत होतं, आणि त्या शेंबड्या कार्टीला मी अहोजाहो करायचं! पहिल्याच दिवशी माझ्या चहाचा घोट घेऊन म्हणाली, 'वहिनी, हे काय आहे?' तेव्हापासून आजतागायत बाईने माझं एक काम धड म्हटलेलं नाही. मी पडदा लावला की ही उघडणार, मी डावीकडे म्हटलं की ही उजवीकडे. ह्यांच्या तेराव्यालासुद्धा आम्ही बसायच्या सतरंजीवरून भांडलो. थोरला ओरडलाच, 'आत्या? अगं, तुमचं पटतं कुठे?' म्हटलं, 'म्हणूनच.'

पण विचारायचं कुणी? मलाच जावं लागलं ना! नाक मुठीत धरून! वन्संनी दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं, 'बारीक झालात. खात नाही वाटतं धड. बसा, तिथे नको, तिथे मी बसते.' मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही हात धरेल, गळा काढेल, 'वहिनी, असं काय बोलता' म्हणेल. छे! म्हणाली, 'म्हणजे तुम्हाला वेड लागलं की मी बघायचं, असंच ना?' बघा! सगळ्या दुनियेत एकटी बाई, जिने तो शब्द उच्चारला! उद्या नाही, काही नाही, झालं तर नाही. वेड लागलं की. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! वर म्हणते, 'मला वाटलंच होतं. तुमचं दुसऱ्या कुणाला झेपायचं नाही.'

वकीलबाईंनी तिलाही बोलावून विचारलं, तुमच्या वहिनींना काय हवं असेल? आणि ही बया सुरू झाली. 'लिहा. ह्यांना कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी लागते, ती उघडीच ठेवायची, दुसऱ्यांनी काकडावं. झोपताना पॅसेजमधला दिवा लागतो, कबूल करत नाहीत. चहा कडू जहर, साखर घातली तर फेकून देतात. जेवणानंतर पाहुणा आला तर ह्यांचं तोंड बघवत नाही. फोन नको, पण फोन आलाच नाही तर दिवसभर धुसफुसतात. जवळ माणूस हवं, पण दुसऱ्या खोलीत.' एकेक चूक काढत होती हो माझी! आणि एकेक खरी! माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं एवढं! इतकी वर्षं ही माझ्यात खोट शोधत होती, तर शोधता शोधता मी पाठ झाले तिला! आणि शेवटी घसा खाकरून म्हणाली, 'आणि त्यांना त्या घरातून हलवायचं नाही. कुणीही. हलवलंत, तर दुसऱ्या दिवशी त्या भांडायलाही उठणार नाहीत.'

मला रडू आलं. आता आलं तर आलं, काय करू? वन्संनी रुमाल दिला, आणि तोही कसा, तर 'स्वच्छ आहे, तुमच्यासारखा चुरगाळलेला नाही' म्हणून.

सह्या झाल्या. साक्षीदारांच्याही झाल्या. दोघांनी तोंडं वाकडी केली, पण थोरला चेंडूचं पुस्तक घेऊन गेला आणि धाकटीने मागच्या खोलीत पुन्हा टॉवेल वाळत घातले, म्हणजे घर वाचलं. मी सुखात असायला हवं, नाही का? कसलं सुख! सह्यांच्या आधी त्या कागदात एक कलम राहिलं होतं. माझं डोकं गेलं, हे ओळखायचं कसं? डॉक्टर बघतीलच, पण आधी डॉक्टरला बोलवायचं कधी, हे तर कुणीतरी ठरवायला हवं. वकीलबाईंनी वन्संना विचारलं, 'तुम्हाला कशावरून वाटेल की आता त्यांना दाखवायला हवं?' आणि वन्संनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, 'सोपं आहे. ज्या दिवशी वहिनी माझं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य करतील, त्या दिवशी मी डॉक्टरला फोन करीन.' वकीलबाई हसल्या, मी हसले, आणि ते लिहून झालं!

आता वन्सं एक दिवसाआड येतात, माझ्यावर लक्ष ठेवायला, ते मुखत्याराचं कर्तव्यच आहे म्हणे. येतात, बसतात आणि मुद्दाम, मला शंभर टक्के खात्री आहे मुद्दाम, अगदी बरोबर बोलतात! परवा आल्या आणि म्हणाल्या, 'काय मेलं उकडतंय हो वहिनी!' उकडत होतं. भिंती भाजत होत्या, घामाची धार लागली होती मला. पण वन्सं डोळ्याला डोळा भिडवून बसलेल्या आणि पर्समधला हात फोनवर. काय करता?

मी उठले, कपाटातून स्वेटर काढला आणि गळ्यापर्यंत बटणं लावून बसले.